पुश्किनचं अर्धंच पत्र फिरतंय

मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड आता सोसायटीच्या ग्रुपवर पण आला म्हणून लिहितेय. त्यात म्हटलंय की रशियातला चादायेव्ह हा वेडा विचारवंत, परदेशात शिकून आला, देशाला शिव्या दिल्या, तरी दयाळू झारनं जेलमध्ये न टाकता फुकट डॉक्टर दिला, खुद्द रशियाचा मोठा कवी पुश्किन यानं त्याला झापलं, आणि 1825 मध्ये झारविरुद्ध बंड करणारे ऑफिसर तर परक्यांचेच हस्तक.

आधी तो फुकटचा डॉक्टर बघू. 1836 मध्ये मॉस्कोच्या 'टेलिस्कोप' मासिकात चादायेव्हचं पत्र छापून आलं, रशियानं जगाला काहीच दिलं नाही असा एकूण सूर. झार निकोलसनं वाचलं आणि शेरा मारला की ही वेड्याला शोभणारी उद्धट बडबड आहे. झालं निदान! डॉक्टर त्यानंतर आला. राजकीय पोलिसांचा प्रमुख बेन्केनडॉर्फ, त्यानं मॉस्कोला कळवलं की बिचाऱ्याकडे रोज डॉक्टर पाठवा, आणि हल्लीची दमट गार हवा त्याला बाधणार नाही असं बघा. म्हणजे नजरकैद, पण काळजीच्या भाषेत. वर्षभरानं सुटका झाली ती 'काही लिहायचं नाही' या अटीवर. गार हवा बाधणाऱ्या पेशंटला लिहायची बंदी कोण करतं हो? आणि मासिक बंद पडलं, संपादक नादेज्दिन हद्दपार झाला, लेख पास करणाऱ्या सेन्सॉरची नोकरी गेली, ते पण वेडेच होते का?

पुश्किनचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, मान्य. 19 ऑक्टोबर 1836 च्या पत्रात तो म्हणतो की मला दुसरा देश, दुसरा इतिहास नको, आणि खरं सांगायचं तर इतिहासाबद्दल चादायेव्हनं अतिच केलं होतं. पण त्याच पत्रात पुढे पुश्किन कबूल करतो की आपल्याकडे लोकमत नाही, न्याय आणि सत्याची कुणाला पडलेली नाही, विचाराबद्दल नुसता तुच्छपणा आहे, आणि हे खरंच वाईट आहे. फॉरवर्डवाल्यानं नेमकं एवढंच कापलंय! शिवाय चादायेव्हवरच्या कारवाईचं कळल्यावर पुश्किननं ते पत्र पाठवलंच नाही.

बाकी, चादायेव्ह शिकला मॉस्को विद्यापीठात, आणि 1812 ला बोरोदिनोला नेपोलियनविरुद्ध लढला. 1825 च्या बंडातले कितीतरी ऑफिसर पण त्याच युद्धातले, पॅरिसपर्यंत जाऊन आलेले, आणि परत येऊन बघतात तर आपल्याकडे भूदासांची (जमीनदारांच्या मालकीच्या शेतकऱ्यांची) खरेदी-विक्री चालूच. साध्या शिपायांना त्यांनी सगळा बेत सांगितला नव्हता, निकोलस मोठ्या भावाची, कॉन्स्टंटिनची, गादी लुबाडतोय एवढंच सांगून चौकात आणलं, हे चुकलंच त्यांचं. पण त्यातून 'परक्यांचे हस्तक' कसं निघतं ते मामाच जाणोत.