'एवढ्याशा गव्हानं काय होतं?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

महाबळेश्वरची तुती घालून केलेल्या ग्लूटेन-फ्री (गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन नसलेल्या) केकवर तुम्ही मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. रागावून लिहिलीत, पण आधी केक स्वतः करून बघितलात आणि मग लिहिलीत. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटेना. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ग्लूटेन-फ्री हे बाहेरून आलेलं फॅड आहे, माळव्यात राहून गव्हाला नावं ठेवणं शोभत नाही, आपल्या आज्या गहू खाऊनच ऐंशी वर्षं जगल्या, एवढ्याशा गव्हानं कुणाला काही होत नसतं, आणि फिरायला जाऊन तिथली फळं आणून केक करणं ही पैसेवाल्यांची हौस आहे. शिवाय माझ्या कृतीनं केलेला तुमचा केक मध्ये बसला, तुतीभोवती हिरवट-निळी कडी उमटली आणि नातवंडांनी त्याला हात लावला नाही.

आधी केकचं बघू. पीठ जड वाटलं म्हणून कृतीत नसलेला अर्धा चमचा खाण्याचा सोडा तुम्ही वरून घातलात, असं तुम्हीच लिहिलंय. कडी त्या सोड्यानं आली. तुती, जांभूळ, फालसा यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा असतो. आंबटात ती लाल राहतात, आंबटपणा उतरला की जांभळी होतात आणि सोड्यासारखा खार लागला की निळी-हिरवी पडतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तशातलाच हा प्रकार. खायला त्यात वाईट काही नाही, पण पोरांना आधी दिसणं लागतं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणून या केकमध्ये मी सोडा अजिबात घालत नाही. नुसती बेकिंग पावडर घेते आणि पाण्याऐवजी जरा आंबट दही. तुती चिरायची नाही, घोटायचीही नाही. देठ काढून, पुसून, तांदळाच्या पिठात घोळवून अगदी शेवटी अलगद मिसळायची, म्हणजे रस फळातच राहतो.

मध्ये बसण्याचं कारण वेगळं. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते फेटलं-मळलं गेलं की ग्लूटेनची लवचिक जाळी तयार होते. फुगवणारा वायू ती धरून ठेवते. ज्वारी-तांदळाच्या पिठात ही जाळीच नाही, तिथे भार पडतो तो अंड्यावर, शिजून घट्ट होणाऱ्या स्टार्चवर आणि इसबगोलावर. तुम्ही इसबगोल वगळलात, 'पोट साफ करायचं औषध केकमध्ये कशाला' म्हणून. काकू, हा इसबगोल आपल्याच नीमच-मंदसौरकडे पिकतो आणि इथून बाहेरदेशी जातो. तिकडच्या बऱ्याच ग्लूटेन-फ्री पावांना तोच धरून ठेवतो. त्याचा भुसा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो आणि चिकट, ताणला जाणारा गर होतो. वाटीभर पिठाला एक चमचा पुरे. चवीला तो कळतसुद्धा नाही.

आणखी एक. भिजवलेलं पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं. ज्वारी आणि तांदूळ पाणी सावकाश पितात. घाई केली की केक रवाळ लागतो, दाताखाली कचकचतो. बेकिंग पावडर आणि तुती त्यानंतर, ओव्हन तापल्यावर. 170 अंशांवर 40 ते 45 मिनिटं, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, कारण स्टार्च गार होतानाच बसतो. स्ट्रॉबेरी मात्र केकच्या आत घालू नका. तिच्यात 90 टक्क्यांच्या वर पाणी असतं, ते सुटून मधला भाग कच्चा राहतो. फोडींना साखर लावून तासभर ठेवा, सुटलेला रस आटवा आणि फोडी-रस दोन्ही वाढताना वरून घाला.

आता फॅडचं. वजन उतरेल म्हणून गहू सोडणाऱ्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्याच्याशी माझं भांडण नाही. पण माझ्या लेकीला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की तिच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न शोषणारे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त वाढत नाही, उंची अडते. यावर गोळी नाही. ग्लूटेन आयुष्यभर पूर्ण बंद, हाच उपचार. उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला हा आजार असतो असं पाहण्यांत आढळलंय आणि त्यातल्या बहुतेकांना तो आहे हेच ठाऊक नसतं.

आज्यांचं म्हणाल, तर ज्या जगल्या त्यांना आपण बघितलं. ज्या पोरांना खाल्लेलं अंगी लागायचं नाही, ज्यांची दृष्ट काढली जायची, अंगारे लावले जायचे, त्यांतल्या किती जणांना हे होतं हे आता कुणाला कळणार? गव्हाचा संबंध उमगला तोच मुळी विसाव्या शतकात. नेदरलँड्समध्ये विलेम कारेल डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेना. आजूबाजूला उपासमार चालू असताना त्यांच्याकडची सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारताना दिसली आणि पुन्हा पाव सुरू झाल्यावर ढासळली. 1950 मध्ये त्यांनी प्रबंध लिहून गव्हाकडे बोट दाखवलं. फॅड म्हणून हे सुरू झालेलं नाही, काकू. उपाशी शहरांतल्या आजारी मुलांमुळे ते कळलं.

गव्हाला नावं ठेवायचा प्रश्नच येत नाही. गव्हाच्या उकडून भाजलेल्या गोळ्यांच्या, म्हणजे दाल-बाफल्याच्या, पंगतींतच मी लहानाची मोठी झाले. पण एक गैरसमज आपल्या लोकांत फार पसरलाय, तो इथेच सांगते: खपली गहू सिलिअ‍ॅकला चालत नाही. तो जुन्या जातीचा असेल, पचायला हलका वाटत असेल, तरी गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. रवा, दलिया, शेवया, सातू, सगळं तसंच. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी आम्हाला प्रेमानं खपलीच्या पिशव्या पाठवल्या आहेत. त्या मी हात जोडून परत केल्या.

तुमच्या प्रतिक्रियेतलं 'एवढ्याशा गव्हानं काय होतं' हे वाक्य मात्र मला सगळ्यांत जास्त लागलं. हेच वाक्य माझ्या लेकीला प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक हळदीकुंकवाला ऐकावं लागतं. म्हणून एकदा हिशेब मांडते. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा. त्यात प्रथिनं बारा टक्क्यांच्या आसपास आणि त्या प्रथिनांतलं बहुतेक ग्लूटेन. म्हणजे दाण्यामागे ढोबळ 4 मिलिग्रॅम. ग्लूटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थाला आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच-सहा दाणे दळले गेले की ती ओलांडली! आणि रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेलं तर आतड्याला इजा होते, असं तपासून बघितलेलं आहे. ते झाले बारा-तेरा दाणे.

आता तुमची ज्वारी आठवा. ती चक्कीवर दळून आणलीत ना? आपल्या चक्कीवर दिवसभर गहू असतो. दोन दगडांच्या मध्ये, पीठ उतरतं त्या कापडी नळीत, खालच्या डब्याच्या कोपऱ्यांत आधीच्या माणसाचं पीठ राहतंच. चक्कीवाले भैया भले आहेत, 'आधी मूठभर ज्वारी टाकून काढतो' म्हणतात, पण मूठभरानं ते निघत नाही. म्हणून ज्वारी मी घरी दळते, आणि त्या घरघंटीत गहू कधी गेलेला नाही. दळायच्या आधी ताटात पसरून निवडते. पांढऱ्या, गोल, टपोऱ्या ज्वारीत गव्हाचा लांबट दाणा लगेच दिसतो, मध्ये चीर असलेला, किंचित तपकिरी. सुट्ट्या ज्वारीत तो निघाला नाही असं क्वचितच होतं. हे काम लेक स्वतः माझ्याबरोबर बसून करते आणि सापडलेले दाणे वाटीत जमवते.

तसंच हिंगाचं. बाजारातल्या बांधलेल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. आपल्या ठेल्यावरच्या पोह्यांत गहू नाही हे खरं, पण वर भुरभुरलेल्या जीरावन मसाल्यात हिंग असतो, आणि शेजारच्या कढईत जलेबी चालू असते तोच झारा पोह्यांत फिरतो. म्हणून सकाळी पोहे खायला ती सगळ्यांबरोबर येते आणि डबा घरचा उघडते. 'तिला घाबरवून ठेवलंय' असं तुम्ही लिहिलंत. ती घाबरत नाही, काकू. ती विचारते. यात काय घातलंय, झारा कुठला, हे ती ओळख नसलेल्या माणसालाही नीट, आवाज न चढवता विचारते, आणि मला तिचा त्यासाठी अभिमान वाटतो.

फळांचा आणि हौसेचा मुद्दा उरला. वाईला माझी मावशी राहते. तिच्याकडे जाणं होतं तेव्हा वर महाबळेश्वरलाही चक्कर होते. मार्च-एप्रिलमध्ये स्ट्रॉबेरीचा हंगाम उतरणीला लागतो, तुती भरात असते, भाव खाली येतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही, त्या थंड हवेतल्या लाल मातीत तिला जो वास येतो तो इतर ठिकाणी येत नाही. ती न धुता, देठासकट, पसरट डब्यात एकाच थरात, खाली-वर कागद घालून आणायची. इंदूरला पोचलं की धुवून, कोरडी करून, ताटलीत सुटी सुटी गोठवायची आणि मग पिशवीत भरायची. एकदम पिशवीत कोंबली तर गोळा होतो.

खर्चाचं एवढंच: बदामाचं पीठ माझ्या कृतीत नाहीच, शेंगदाण्याचं कूट आहे.

पण प्रवासात मला फळांइतकीच किंमत वाटते ती तिथल्या धान्यांची. महाबळेश्वरच्या आजूबाजूच्या उतारांवर नाचणी आणि वरी होते. कुमाऊंत गेलो तेव्हा रस्त्याकडेला बायका काफळ आणि हिसालू ही रानफळं विकत होत्या. हिसालू म्हणजे पिवळीधमक रानरासबेरी, इतकी नाजूक की द्रोणातून घरापर्यंत नेईतो तिचं पाणी होतं. ती आणता येत नाही. आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या आजींनी झंगोऱ्याची खीर केली, झंगोरा म्हणजे आपल्या वरीच्याच गोतातलं धान्य, आणि गार झाल्यावर वर हिसालू घातली. लेकीनं त्यातलं एकही नाव तपासल्याशिवाय दोन वाट्या खाल्ल्या, कारण चुलीपासून वाटीपर्यंत सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं होतं. हॉटेलात जेवताना असं तिला करता येत नाही. सहलीवर खर्च करावासा वाटतो तो यासाठी.

आणि प्रवास नसेल तरी अडत नाही. उन्हाळ्यात मांडूकडे खिरनी मिळते, आपल्याकडे ठेल्यावर शहतूत येतात, पुढे जांभळं येतात. कृती परदेशी वाटत असेल तर केक सोडा आणि सांदण करा. तांदळाचा रवा भिजवून, फणसाच्या रसाऐवजी तुतीचा आटवलेला रस आणि नारळाचं दूध घालून वाफवायचं. कोकणात काकडीची तवसळी तांदळाच्या रव्याची भाजतात, तीही चालते. ग्लूटेन हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधीपासून हे आपल्या स्वयंपाकघरांत आहे.

तुमच्या जावेच्या मुलीबद्दल लिहिलंय, तिनं मनानंच गहू सोडला आणि तिला बरं वाटतंय. तिला एवढं जरूर सांगा: आधी डॉक्टरांकडे जा. टीटीजी नावाची रक्ततपासणी असते, गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन बघतात. पण गहू सोडून बरेच दिवस झाले असतील तर या तपासण्या खोटा दिलासा देऊ शकतात, म्हणून हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचं. आपलं आपण पुन्हा गहू खायला लागू नये, किती आणि किती दिवस खायचा ते तेच ठरवतील.

शेवटी तुम्ही विचारलंत, तुती संपली, आता फालसा चालेल का. चालेल, पण केकच्या आत नको, बिया दाताखाली येतात. पाव किलो फालसे अर्धी वाटी पाण्यात पाच मिनिटं उकळा, पुरणयंत्रातून किंवा जाड चाळणीतून चोळून गाळा, चार चमचे साखर आणि चिमूटभर काळं मीठ घालून चमच्याला चिकटेपर्यंत आटवा. मग साधा ज्वारीचा केक दह्यात भिजवून करा, सोडा न घालता, आणि गार झाल्यावर हा रस वर ओता. फालसे सकाळीच घ्या, दुपारपर्यंत उन्हात ठेल्यावर मऊ पडतात आणि दुसऱ्या दिवशी आंबतात. नातवंडांना मीठ लावून खायला थोडे बाजूला ठेवायला विसरू नका.