स्टीली डॅन नेमकं कुठे बदललं?

काल शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर स्टीली डॅन या अमेरिकन रॉक बँडवरून पुन्हा जुंपली. पक्याचं म्हणणं ठाम : "पहिले तीन अल्बम म्हणजे खरा बँड. १९७४ ला दौरे बंद केले, मग उरले फक्त फेगन आणि बेकर, बँड काढणारे दोघे. बाकी सगळे भाड्याचे वादक. आणि जॅझ? तो मागाहून आला."

"भाड्याचे?" मिल्या उसळलाच. "अरे, 'एजा' अल्बमवर वेन शॉर्टरसारखा जॅझचा सॅक्सोफोनवादक वाजवतोय! आणि पहिल्या अल्बमचं काय घेऊन बसलास? 'रीलिन इन द इयर्स'मधली ज्या गिटारवर तू जीव टाकतोस, ती एलियट रँडलची. तो कुठे बँडमध्ये होता?"

पक्या जरा गप्प झाला. पण 'डू इट अगेन'मधली बँडच्याच डेनी डायसची इलेक्ट्रिक सतार काढून तो परत भिडला. ती जागा आहेच तशी, त्यात वादच नाही.

"जॅझ मागाहून आला, हे मला पटत नाही," बंडूकाका म्हणाले. "१९७४ चं 'रिकी डोन्ट लूज दॅट नंबर' हे गाणं ऐक. सुरुवात सरळ जॅझ पियानोवादक होरेस सिल्व्हरची. त्याच अल्बमवर जॅझमधल्या ड्यूक एलिंग्टनची रचनाही आहे."

"मग काका, तुमच्या मते बदललं काय?" पक्याने विचारलं.

इथे मी तोंड उघडलं, कारण या बाबतीत माझं मत पक्कं आहे. दौरे सुटल्यावर फेगन आणि बेकर आपल्या बँडसाठी गाणं लिहायचे थांबले आणि गाण्यासाठी माणूस शोधायला लागले. त्यामुळे वादकाला उलट जास्त मोकळीक मिळाली. 'द रॉयल स्कॅम' अल्बममध्ये गिटारवादक लॅरी कार्लटन 'किड शार्लमेन'वर काय सुटलाय! आणि १९७७ च्या 'एजा'चं शीर्षकगीत, जवळजवळ आठ मिनिटांचं. शॉर्टरचा टेनर सॅक्स चढायला लागतो आणि खालून स्टीव्ह गॅड ड्रम्सवर असा उसळतो की साथ कोण करतंय आणि सोलो कोणाचा, हे कळेनासं होतं. शेवटी पुन्हा तोच गॅड, गाणं विरेपर्यंत. याला गुळगुळीत म्हणणाऱ्याने ते नीट ऐकलेलंच नाही.

माझ्या लेखी खरी रेघ त्यानंतर पडते, १९८० च्या 'गाउचो'वर. इंजिनिअर रॉजर निकल्सने वेंडेल नावाचं यंत्र बनवलं आणि ड्रम्सचा ठोका त्याच्या हाती गेला. 'हे नाइन्टीन' सुंदर आहे, पण त्यात कुणी चुकून पुढे जाईल अशी धाकधूक नाही. मला तीच धाकधूक हवी असते.

"पण त्याच अल्बममधल्या 'बॅबिलॉन सिस्टर्स'वर ड्रम्सला बर्नार्ड पर्डी आहे," मिल्याने पकडलं. "यंत्र नाही, हाडामांसाचा माणूस."

"म्हणूनच ते डुलतं!" मी म्हणालो.

मग काकांनी 'गाउचो'चं शेवटचं गाणं काढलं, 'थर्ड वर्ल्ड मॅन'. 'द सेकंड अरेंजमेंट' नावाच्या गाण्याची टेप स्टुडिओत चुकून पुसली गेली, म्हणून 'एजा'च्या वेळचा एक जुना ट्रॅक बाहेर काढून त्यावर हे गाणं उभं केलं. ड्रम्सवर गॅड, गिटारवर कार्लटन.

"म्हणजे 'गाउचो'तलं माझं सर्वात आवडतं गाणं मुळात 'गाउचो'चं नाहीच?" पक्याने विचारलं आणि मिल्याच्या कानातला इअरफोन ओढून घेतला.