'संत तुकाराम' वर का ठेवला? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका,

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे आणि कडकही आहे. तिला "धन्यवाद" म्हणून मोकळं होणं मला पटेना, म्हणून हे लांबलचक उत्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. महिनाभर जवळजवळ रोज एक अभिजात चित्रपट पाहणं म्हणजे नुसता फडशा पाडणं. हे चित्रपट टॉकीजच्या पडद्यासाठी काढलेले, ते लॅपटॉपवर पाहून त्यांच्यावर मत देऊ नये. त्या महिन्याच्या माझ्या यादीत 'संत तुकाराम'ला मी 'बायसिकल थीव्ज'च्या वर ठेवलं, ती माझी मराठी भावुकता. आणि 'सिटिझन केन'ची चार ओळींत बोळवण केली, हे तर तुम्हाला अजिबात रुचलेलं नाही.

केनचं आधी संपवते. मला तो आवडला. ग्रेग टोलंडचा कॅमेरा, जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्वच्छ दाखवणारी ती दृश्यं, सगळं थक्क करणारं आहे. पण त्यावर गेली कित्येक दशकं जाणकार लिहीत आलेत आणि माझ्याकडे स्वतःचं असं तेवढंच होतं. उसनं कशाला लिहू?

पडद्याबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मान्य नाही. व्हरायटी चौक, पंचशील चौक, अशी टॉकीजची नावं चौकांना देणारं आपलं नागपूर आहे. पण १९३६ सालचा मराठी बोलपट आज इथल्या कुठल्या पडद्यावर लागणार आहे? भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असं मानतात, त्यातले जेमतेम तीसेक उरलेत आणि त्यातलेही बरेच अर्धवट. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत पटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या जुन्या रिळांचा केवढा तरी साठा जळून गेला. प्रभात फिल्म कंपनीचं जे हाती उरलंय ते ओरखड्यांसकट, खरखरीसकट उरलंय. मोठा पडदा मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं तर माझ्या वयाच्या माणसांनी हे चित्रपट पाहायचेच नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. मी लॅपटॉपवर पाहिले आणि मत दिलं, ते पूर्ण जबाबदारीनं दिलं.

आता फडशा. तुमचा मुद्दा असा की एक चित्रपट पाहिला की तो चार-आठ दिवस मनात मुरू द्यावा. काही चित्रपटांना ते हवंच. जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी मी काहीच लावलं नाही, लावावंसं वाटलंच नाही. पण पाठोपाठ पाहिल्यानं जे कळतं ते अंतर ठेवून पाहिल्यानं निसटतं, हे मी अनुभवानं सांगते आहे.

उदाहरण देते. 'संत तुकाराम' १९३६चा, 'कुंकू' १९३७चा. दोन्ही प्रभातचे, दोन्हींचं संगीत केशवराव भोळ्यांचं. पहिल्यात अभंग कसे येतात बघा, चालता चालता, काम करता करता, बोलण्यातून सहज सूर उचलावा तसे. त्यातलं 'आधी बीज एकले' हे तर शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं, पण ते तुकोबांचंच समजून लोक गाथेत शोधत बसले, इतकं ते आत मुरलेलं. आणि लगेच पुढच्या वर्षी तेच भोळे 'कुंकू'त पार्श्वसंगीताशिवाय राहतात. म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा गाते, फोनोग्राफ वाजतो, बस. प्रसंगात जो आवाज आहे तेवढाच ऐकू येतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्या घरात कुणाही माणसापेक्षा जास्त बोलते.

ती टिकटिक ऐकायला मी कूलर बंद केला होता. मे महिन्यातल्या नागपुरात याचा अर्थ काय ते तुम्हाला सांगायला नको. रात्री बारानंतरही भिंती भाजून निघालेल्या असतात. घरच्यांनी दोनदा येऊन विचारलं की लाइट गेले का. पण कूलर सुरू असता तर नवरा काकासाहेब आणि नीरा एका खोलीत असतात तेव्हाची शांतता मला ऐकूच आली नसती. आदल्या रात्री अभंगांनी भरलेला चित्रपट पाहिला होता, म्हणून ही शांतता इतकी अंगावर आली. आठ दिवसांनी पाहिला असता तर "चांगला आहे, जरा संथ आहे" म्हणून पुढे गेले असते.

आता तुमचा सगळ्यात मोठा आक्षेप, मराठी भावुकता. इथे मी हटणार नाही.

'बायसिकल थीव्ज' मी 'संत तुकाराम'नंतर दोन-तीन दिवसांनी पाहिला. १९४८चा, इटलीच्या डे सिकाचा. नायकाचं काम करणारा लांबेर्तो माज्जोरानी हा कारखान्यातला कामगार होता, नट नव्हता. त्याची चाल, त्याचे खांदे, हे कुठल्याही शिकलेल्या नटाला जमलं नसतं, असं जगभर म्हटलं गेलं आणि ते खरंच आहे. पण मला ते पाहताना सारखी गौरी दिसत होती. 'संत तुकाराम'मध्ये जिजाईचं काम केलेली. तीही अभिनय शिकलेली बाई नव्हती, प्रभातमध्ये साधी कामं करता करता पडद्यावर आली. आणि तीही रोमच्या त्या रस्त्यांच्या बारा वर्षं आधी! तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा, त्यांचा आवाज यावर सगळे भरभरून बोलतात, बोलायलाच हवं. पण तो चित्रपट जमिनीवर उभा आहे तो गौरीच्या जोरावर. ती म्हशीला धुते तेव्हा तिचा हात कसा फिरतो ते परत एकदा बघा. तो कॅमेऱ्यासाठी फिरत नाही, म्हशीसाठी फिरतो.

पोर आजारी पडतं तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते, दुसऱ्या हातात वहाण. विठोबाला जाब विचारायला. संतपटात देवासमोर वहाण उगारलेली बाई, आणि दिग्दर्शक तिला कुठेही खलनायिका करत नाहीत. महाराजांचा नजराणा घरी येतो, ती हरखते, तुकोबा तो परत पाठवतात. त्या क्षणी बरोबर कोण, असं विचारलं तर मी जिजाई म्हणेन आणि तुकोबाही म्हणेन. दिग्दर्शक दामले-फत्तेल्यांनी दोघांनाही पूर्ण न्याय दिला आहे.

'बायसिकल थीव्ज'मध्ये बाप-लेक हॉटेलात बसतात तो प्रसंग तुम्ही लिहिलात, माझाही तो सर्वांत आवडता. पोरगं चीज ताणत खातं, मागे वळून शेजारच्या टेबलावरच्या श्रीमंत मुलाकडे बघतं, आणि बाप नोकरी टिकली असती तर महिन्याला किती आले असते याचा हिशेब त्याच्याकडूनच लिहवून घेतो. घास घशात अडकावा असा प्रसंग. पण हाच हिशेब जिजाई सबंध चित्रपटभर मांडत असते, घरात दाणा नाही, पोरं उपाशी, आणि नवरा मिळालेलं वाटत सुटलाय. फरक एवढाच की तिच्या शेजारी एक माणूस आहे जो हिशेब मानतच नाही, आणि तो खोटा नाही. डे सिकाच्या चित्रपटात असा माणूस नाही. गरिबी दोघांनी सारखीच खरी दाखवली, 'संत तुकाराम'नं तिच्याशी वाद घालणारा आणखी एक आवाज तितक्याच खरेपणानं उभा केला. म्हणून तो माझ्यासाठी वर आहे. यात मराठीपणाचा संबंध असेल तर इतकाच की जिजाईची बोली मला तळटिपेशिवाय कळली. आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, तिथे परीक्षक काही देहूचे नव्हते.

चमत्काराची दृश्यं आज कच्ची दिसतात, असं तुम्ही म्हणता. मला ती चालतात, कारण ती शेणामातीच्या घरात घडतात. घर खरं आहे म्हणून तुकोबांना वैकुंठाला नेणारा गरुड चालतो.

राहता राहिला 'माणूस'. तो यादीत का नाही, हा तुमचा प्रश्न योग्यच आहे. १९३९चा, शाहू मोडक आणि शांता हुबळीकरांचा. मला तो पाहायचाच आहे, पण आतापर्यंत सापडलेल्या प्रतीत संवाद धड ऐकू येत नव्हते आणि तशा अवस्थेत त्यावर लिहायचं नव्हतं. तुम्ही मात्र तो शाळेत असताना नागपुरातच मॅटिनीला पाहिल्याचं ओझरतं लिहिलंय. ते नीट लिहा ना. कुठली टॉकीज होती, हॉल भरला होता का, 'कशाला उद्याची बात'ला लोक काय करत होते, आणि शेवटी उठून जाताना तुमच्या वडीलमाणसांत काय बोलणं झालं. तुम्ही पाठवलंत तर एक अक्षर न बदलता इथे टाकेन, माझ्यावरच्या टीकेसकट.