'एकदा चाललेला कोड पुन्हा तपासू नका' या संदेशाला उत्तर

संगणक प्रणाली लिहिणाऱ्या लहान गटांना उद्देशून एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. एका ठिकाणी नीट चाललेला कोडचा घटक दुसरीकडे वापरताना पुन्हा तपासायचा नसतो. मुक्त स्रोतातला, म्हणजे कोणालाही पाहता आणि वापरता येणारा कोड हजारो डोळ्यांखालून गेलेला असल्यामुळे तो निःशंकपणे घ्यावा. लहान गटात ज्याने लिहिले त्यानेच मंजुरी द्यावी. स्वयंचलित चाचण्या पार पडल्या की माणसाने वाचण्याची गरज नाही. आणि जुन्या आवृत्त्या पुसून टाकाव्यात, म्हणजे गोंधळ होत नाही. असे संदेश येतात आणि जातात; पण हा मला माझ्या भाच्याने पाठवला. तो वर्धा जिल्ह्यातल्या आमच्याच तालुक्यात शेतमाल खरेदीची प्रणाली सांभाळतो, आणि त्याने खाली लिहिले होते, "मामाजी, आपण उगाच येळ दवडतो, ते मंजुरीची वही आता बंद करू." त्या वहीत कोणता घटक कोणी तपासला, कोणत्या अटींवर मंजूर झाला आणि आज कुठे कुठे वापरात आहे, हे लिहिलेले असते. ती वही का सुरू झाली हे त्याला ठाऊक असताना त्याने हे लिहावे, याचा मला राग आला.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो.

कापसाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा आधार धरतात. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कापूस घेतला जातो, पण वाढलेल्या प्रत्येक टक्क्यामागे कपात होते. आम्ही ही कपात काढणारा एक छोटा घटक लिहिला होता आणि तो दोन हंगाम एकही चूक न करता चालला. २०२४ च्या खरीप खरेदीत शेजारच्या एका केंद्रावर तोच घटक सोयाबीनसाठी उचलला गेला. सोयाबीनला हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, आणि त्या हंगामात तर ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली होती. परंतु घटकाच्या पोटात ८ हा आकडा बसलेला होता. एका शेतकऱ्याचे २० क्विंटल सोयाबीन ११ टक्के ओलाव्याचे भरले. त्याला एक किलोचीही कपात लागू नव्हती, तरी काटापट्टीवर ३ टक्के, म्हणजे ६० किलो वजा झाले. ४,८९२ रुपये क्विंटल या हमीभावाने त्याचे २,९३५ रुपये गेले. त्याने काट्यावरच हरकत घेतली म्हणून चूक उघड झाली. त्याच्या आधी जे मुकाट्याने पट्टी घेऊन गेले, त्यांच्या पावत्या शोधून फरक परत करण्यात तीन रात्री गेल्या, कारण तो घटक कोणकोणत्या केंद्रांवर चालू आहे याची नोंद कोणाकडेच नव्हती. कोडमध्ये दोष नव्हता. तो कापसासाठी आहे, ही अट कुठे लिहिलेली नव्हती, आणि ती विचारण्याचे काम कोणावर सोपवलेले नव्हते. म्हणूनच ती वही सुरू झाली.

आमचे उदाहरण लहान आहे, म्हणून ज्याची चौकशी जगासमोर झाली ते मोठे उदाहरण घेतो. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून अरियान ५ हे युरोपचे रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यावर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. जाक-लुई लायन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाचा अहवाल त्याच वर्षी जुलैत प्रसिद्ध झाला. घटकांच्या पुनर्वापराबद्दल ज्याला मत द्यायचे आहे, त्याने तो आधी वाचावा. रॉकेटची दिशा आणि स्थिती सांगणाऱ्या यंत्रणेतला कोड आधीच्या अरियान ४ या रॉकेटवरून घेतलेला होता, आणि तिथे तो व्यवस्थित चालला होता. त्यात क्षैतिज वेगाशी निगडित एक मूल्य ६४ बिटांच्या दशांश संख्येतून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलले जात असे. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. अरियान ४ च्या उड्डाणात ते मूल्य कधी तेवढे वाढले नव्हते. अरियान ५ चा सुरुवातीचा मार्ग वेगळा, क्षैतिज वेग बराच जास्त, त्यामुळे ते वाढले. त्या यंत्रणेचा राखीव संगणक आधी बंद पडला आणि सुमारे ५० मिलिसेकंदांनी मुख्य संगणकही त्याच कारणाने बंद पडला, कारण दोघांवर एकच कोड होता.

अहवालातली खरी विदारक गोष्ट पुढे आहे. ज्या कामासाठी हा हिशेब चालू होता, त्या कामाची अरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. तरीही तो भाग तसाच का ठेवला, याचे मंडळाने मांडलेले अनुमान असे, की अरियान ४ वर चांगला चाललेला कोड निकड सिद्ध झाल्याशिवाय बदलू नये, असा विचार त्यामागे असावा. व्हॉट्सॲपवरचा हा संदेश आज नेमके हेच सांगतो आहे.

चाचण्यांबद्दलच्या मुद्द्याचे उत्तरही याच अहवालात आहे. त्या यंत्रणेच्या अपेक्षापत्रात, म्हणजे तिने काय करायला हवे हे लिहिलेल्या कागदात, अरियान ५ च्या मार्गाची आकडेवारीच घातलेली नव्हती, म्हणून त्या आकडेवारीवर चाचणी झाली नाही. आमच्या घटकाच्याही सगळ्या चाचण्या पार पडत होत्या, कारण त्या सगळ्या कापसाच्या होत्या. चाचणी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. कोणता प्रश्न विचारायचा राहिला, हे दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय कळत नाही.

हजारो डोळ्यांचा दाखला तर आता कोणी देऊ नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या, माहिती दाबून लहान करणाऱ्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त स्रोत लायब्ररीत चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, सापडला. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ उपयोगी काम करून विश्वास मिळवला होता आणि देखभालीचे अधिकार घेतले होते. तो दरवाजा उघडणारा महत्त्वाचा तुकडा सार्वजनिक कोडमध्ये नव्हताच, तो फक्त लोकांनी उतरवून घ्यायच्या वितरणाच्या गठ्ठ्यात होता. म्हणजे डोळे जिथे पाहत होते तिथे तो ठेवलेलाच नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड या एका अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले आणि त्याने मुळापर्यंत शोध घेतला, म्हणून तो उघड झाला. बाहेरचा घटक घेऊच नये, असे मी म्हणत नाही. कोणती आवृत्ती, कुठून उतरवली, कोणी पाहिली आणि कोणत्या परवान्याखाली घेतली, एवढे नोंदवून घ्यावा.

जुन्या आवृत्त्या पुसण्याच्या सल्ल्यावर फार लिहीत नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा ११ ओळींचा घटक त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट घटकांच्या सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. मंजूर आवृत्ती एकदा साठ्यात गेली की तिला हात लावायचा नाही, सुधारणा नव्या क्रमांकाने आणायची, आणि जुनीवर 'नव्या कामासाठी वापरू नये' असा शेरा मारायचा. मागच्या हंगामाची काटापट्टी तंट्यात आली तर ती ज्या आवृत्तीने काढली, तीच पुढे ठेवता आली पाहिजे.

भाच्याची वेळेबद्दलची तक्रार मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. मंजुरीला उशीर होतो, आणि ऐन खरेदीत, बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना तो असह्य होतो. न वाचता केलेल्या तीन सह्या एका सहीपेक्षा वाईट असतात, कारण प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने वाचले असेल. अरियान ५ च्या वेळीही परीक्षणे झाली होती, भरपूर झाली होती. ती पुरेशी खोल नव्हती, असे मंडळाने स्पष्ट नोंदवले आहे. परंतु यावरचा उपाय लिहिणाऱ्यालाच मंजुरीचा अधिकार देणे हा कसा असू शकतो? स्वतः गृहीत धरलेली गोष्ट स्वतःला दिसत नाही. तो ८ चा आकडा मीच लिहिला होता आणि मी तो दहा वेळा वाचूनही मला खटकला नसता. उपाय जोखमीप्रमाणे पायऱ्या करण्याचा आहे. पावतीच्या मांडणीतला बदल लिहिणाऱ्याने नोंदवून लावावा. वजन, कपात किंवा रक्कम यांना स्पर्श करणारा प्रत्येक बदल दुसऱ्याने वाचावा, आणि वाचणाऱ्याने काय पाहिले हे एका वाक्यात लिहावे. नव्या पिकासाठी किंवा नव्या केंद्रासाठी घटक घेतला तर जुनी मंजुरी लागू समजू नये. सरकारी निकष हंगामागणिक बदलतात, म्हणून अशा घटकांच्या मंजुरीला मुदत असावी आणि ती खरेदी सुरू होण्याआधी संपावी, म्हणजे रांग लागण्यापूर्वीच तपासणी होते. आम्ही तिघेच आहोत आणि तिघांत हे जमते. कपातीचा घटक वाचायला अर्धा तास लागतो.

भाच्याला मी उत्तरादाखल वहीतल्या दोन नोंदींचे छायाचित्र पाठवले. एकीत लिहिले आहे, 'कपात घटक, आवृत्ती १, फक्त कापूस, आधार ८ टक्के'. दुसरीत सोयाबीनचा वेगळा घटक आहे, त्याची मर्यादा कोडमध्ये न ठेवता हंगामाच्या तक्त्यातून येते, आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात भाच्याचीच सही आहे. त्या घटकाची मुदत सप्टेंबरअखेर संपते. या वेळी त्यात बदल त्याने केले आहेत, त्यामुळे सही माझी लागेल, आणि मी ते वाचायला घेतले आहे.