आजीचं दोन पानांचं मत आणि सिंहाचंही

परवा १२ ऑगस्टला, भाऊसाहेबांच्या पुण्यतिथीला, पणजीच्या मिरामारला गेलो होतो. भाऊसाहेब म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर. त्यांच्या समाधीवर सकाळची फुलं होती, पावसाने भिजून लोळागोळा झालेली. तिथेच उभा राहून मोबाईल उघडला तर एका ग्रुपवर ‘गोव्याचे भाग्यविधाते’ आणि दुसऱ्यावर ‘गोवा महाराष्ट्राला विकायला निघालेला माणूस’. दोन्ही मेसेज एकाच दिवशी, एकाच माणसाबद्दल. वादात पडलो नाही. मला आमची आजी आठवली.

आमचं घर डिचोली तालुक्यातलं, भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीतलं. भिंतीवर देवांच्या रांगेत शेवटी दयानंद बांदोडकरांचा फोटो, कुठल्याशा कॅलेंडरमधून कापून चौकटीत बसवलेला. आजी गणपतीला हळद-कुंकू लावायची तेव्हा बोटाला उरलेलं त्या काचेला पुसायची. नवस-बिवस काही नाही, पण काच कधी कोरी राहिली नाही.

याच आजीने १६ जानेवारी १९६७ला गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही याच्या जनमत कौलात ‘दोन पानां’वर शिक्का मारला. म्हणजे विलीनीकरणाच्या विरोधात. भाऊंना तर विलीनीकरण हवं होतं, म्हणजे सरळसरळ भाऊंच्या विरोधात. मग मार्चमध्ये निवडणूक आली तेव्हा त्याच हाताने सिंहाला, भाऊंच्या पक्षाच्या चिन्हाला, मत दिलं. मी कॉलेजात असताना मोठ्या शहाणपणाने तिला विचारलं होतं, असं कसं गं? ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “भाऊ आमचोच. पूण गोंय लेगीत आमचेंच न्हय रे?” म्हणजे, पण गोवासुद्धा आमचाच ना रे?

ही एकट्या आमच्या आजीची गोष्ट नव्हे. आकडे बघा. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१चा. मार्चअखेर निवडणूक झाली आणि ३० पैकी १६ जागा घेऊन भाऊंचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष पुन्हा सत्तेवर. दोन मतदानांच्या मध्ये अडीच महिनेसुद्धा गेले नव्हते. ज्या पक्षाच्या नावातच ‘महाराष्ट्रवादी’ आहे त्याला लोकांनी परत आणलं, आणि महाराष्ट्रात जायचं मात्र नाकारलं. काही विद्वान याला गोंधळ म्हणतात. मला तर एवढं स्वच्छ मतदान दुसरं दिसत नाही. माणूस हवा होता, त्याची ती एक मागणी नको होती.

बरं, भाऊंचंही बघा. कौल निष्पक्ष व्हावा ही विरोधकांची मागणी होती, तर डिसेंबर १९६६मध्ये त्यांनी खुर्ची सोडली. कौल हरले, आणि पुन्हा त्याच लोकांकडे मत मागायला गेले. डॉ. जॅक सिक्वेरांचा मोठेपणा मी तसूभरही कमी करत नाही. ते आणि त्यांचा युनायटेड गोवन्स पक्ष ठाम उभे राहिले नसते तर वेगळं गोवा राज्य सांगायलाही उरलं नसतं. पण सिक्वेरांना उंच करायला बांदोडकरांना खड्ड्यात घालायची काय गरज?

आणि एक गंमत मराठीवाल्या आपल्या मित्रांसाठी. विलीनीकरणाविरुद्धची लढाई मोठ्या प्रमाणात मराठीतूनच लढली गेली. मडगावचं ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक, उदय भेंब्रे त्यात ‘ब्रह्मास्त्र’ लिहायचे तेही मराठीत. घरात कोंकणी, वहीत मराठी हे आमचं जुनंच आहे. त्यामुळे मराठी म्हणजे विलीनीकरण आणि कोंकणी म्हणजे गोवा, ही वाटणी मला अजून पटलेली नाही. दोन्ही बाजूंना राग येणार, येऊ दे.

भाऊ काही संत नव्हते. स्वतः खाणमालक, स्वभावाने एकहाती कारभाराचे. १९७०मध्ये त्यांचेच काही आमदार फुटले ते उगीच नाही. पण गोमंतक मराठा समाजातला, ज्या समाजाला देवळाच्या दारात उभं करून वापरलं गेलं त्यातला माणूस डिसेंबर १९६३मध्ये गोव्याचा पहिला मुख्यमंत्री होतो, याचा अर्थ काय ते आजोबांच्या तोंडून ऐकायला हवं होतं. त्याआधी भाटकार आला की आजोबा पायातली वाहाण हातात घेऊन बाजूला व्हायचे. १९६४च्या कूळ कायद्याने खंडावर मर्यादा आली, मनाला येईल तेव्हा कुळाला हुसकावणं थांबलं. ‘कसेल त्याची जमीन’ व्हायला १९७६ उजाडलं. तोवर भाऊ गेले होते, मुख्यमंत्री त्यांची मुलगी शशिकलाताई होत्या. आजोबांनी वाहाण पायातच ठेवायला त्या कायद्याची वाट बघितली नाही मात्र. ते आधीच सुरू झालं होतं, कधी ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

आणि शाळा. पोर्तुगीज अमलात आमच्या गावात मराठी शिकायचं तर देवळाच्या चौकात नाहीतर कोणाच्या पडवीत. भाऊंच्या काळात वाड्यावाड्यावर सरकारी प्राथमिक शाळा आल्या. आमच्या वाड्यावर आली ती दोन खोल्यांची, मंगलोरी कौलांची. माझे वडील, काका, मी, सगळे तिथलेच. घरातली पहिली सही तिथे शिकलेल्या हाताची.

ती शाळा काही वर्षांपूर्वी बंद झाली. पटावर पोरंच उरली नव्हती. खोटं कशाला बोलू, माझी दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात गेली. भाऊंच्या नावाने गळा काढायचा मला किती अधिकार आहे ते मला माहीत आहे.

आता कुलूप निघतं ते फक्त निवडणुकीला. आमचं मतदान केंद्र तिथेच आहे. मागच्या खेपेला रांगेत उभा होतो तर भिंतीवर तेराचा पाढा अजून दिसत होता, तेरा साते एक्क्याण्णवपर्यंत. खालचा रंग उडालाय. मतदान अधिकारी पोरांच्या बाकावर गुडघे आखडून बसले होते.