आबूला जाताय? मग एकदा खडकाला हात लावून या

डिसेंबरअखेर आबूला निघालोय असं खाली सोसायटीत सांगितलं, तर एका काकांनी अंगठा ओठांशी नेऊन खूण केली आणि डोळा मिचकावला. मला वाईट वाटलं. काकांचा राग नाही आला, माणूस चांगला आहे. पण बडोद्यातल्या शंभर घरांत आबूचं नाव काढलं की नव्वद घरांत हीच खूण होते. आपल्याकडे गुजरातेत दारूबंदी, सीमा ओलांडली की राजस्थानातलं आबू. शुक्रवारी रात्री गाड्या भरून निघायचं, हॉटेलात बसायचं, संध्याकाळी 'नक्की' नावाच्या तलावावर होडी फिरवायची, सनसेट पॉइंटवर फोटो काढायचे आणि रविवारी परत. इतक्या सुंदर डोंगराची आपल्या शहराने एवढीच ओळख ठेवली आहे, हे मला बरेच दिवस बोलायचं होतं.

आम्ही गेलो होतो लेकीसाठी. ती पंधरा वर्षांची आहे आणि तिचं तिथे खडकारोहणाचं शिबिर होतं. आबूवर स्वामी विवेकानंदांच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे, ती गुजरात सरकार चालवतं. राजस्थानच्या डोंगरावर गुजरातची संस्था, याचं अनेकांना नवल वाटतं. पण हा डोंगर काही आपल्याला परका नाही. बडोदा संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं, पुढच्या वर्षी आबूही त्याच राज्यात आलं आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेत राजस्थानला गेलं. म्हणजे मधली सहा वर्षं बडोदं आणि आबू एकाच राज्यात होती. माझ्या आईचा जन्म त्याच काळातला. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या जन्माच्या वेळी हा डोंगर आपलाच होता की गं."

शिबिराच्या शेवटच्या चार दिवसांसाठी मी आणि आई तिथे पोचलो. सकाळी सातला मुलं खडकापाशी जमायची. थंडी अशी, की उभ्या गाडीच्या काचेवर दवाचा बर्फ झालेला. मी काही तरी भव्य कडा असेल असं समजून गेले होते. समोर होता एक मोठा उतरता कातळ, हत्तीच्या पाठीसारखा, जेमतेम तीन मजले उंच. धरायला खाच नाही, कपार नाही. जवळ जाऊन तळहात ठेवला तेव्हा कळलं. आबूचा दगड ग्रॅनाइट, आणि ऊन-पावसाने झिजूनही तो गुळगुळीत होत नाही. पांढरे, गुलाबट, काळे कण सुटे सुटे वर आलेले असतात, जाड रव्यासारखे. मधूनच अभ्रक चमकतं. हाताला टोचतं, पण त्याच टोचण्यावर बुटाचा तळ चिकटतो. चढायचं ते या कणांच्या भरवशावर.

माझी लेक अर्ध्यावर अडकली. दोन्ही हातांनी दगडाला मिठी मारून, पोट टेकवून. खालून प्रशिक्षक गुजरातीत ओरडत होते, "हाथथी नहि, पगथी चढ! पेट दूर राख!" ते ऐकायला सोपं, करायला फार कठीण. भीती वाटली की माणूस दगडाला बिलगतो, आणि बिलगला की पायावरचा भार जाऊन पाय सुटतो. अंग दगडापासून लांब नेलं, पायांवर उभं राहिलं, तरच बूट धरतो. ती दोन मिनिटं तशीच होती. खाली तिचा दोर धरून उभी असलेली मुलगी मेहसाण्याची, ओळख जेमतेम आठ दिवसांची. ती नजर न हलवता वर बघत होती, दोर घट्ट. मग लेकीने कंबर मागे घेतली. एक पाऊल. दुसरं. मी श्वास सोडला तेव्हा ती वर पोचून हार्नेसच्या, म्हणजे कमरेच्या पट्ट्याच्या, कॅराबिनरला (दोर अडकवायच्या कडीला) हात लावून बसली होती.

मुलींना मोकळं सोडायला घाबरणाऱ्या प्रत्येक आईबापाने एकदा तिथे उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. अनोळखी माणसाच्या हातात आपला दोर द्यायचा आणि आपण दुसऱ्याचा धरायचा, हे शाळेच्या कुठल्या वर्गात शिकवतात? आणि आपलं बडोदं तर अंगमेहनतीला मान देणारं शहर. जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८०चं. प्रा. माणिकरावांनी तिथे लाठी, मल्लखांब, कुस्ती यांच्यावर पिढ्या घडवल्या. माझे आजोबा त्या मातीत घुमले होते. त्यांची पणती आज जिमच्या फीबद्दल बोलते, याचं दुःख नाही, काळ बदलतो. पण अंग घोटवायची हौस आपल्यात होती आणि डोंगर एका रात्रीच्या प्रवासावर आहे, तरी आपण तिथे जाऊन खुर्चीतच बसतो.

देलवाड्याच्या जैन मंदिरांबद्दल लिहीत नाही, त्यांच्यावर खूप लिहिलं गेलंय. गुरुशिखराबद्दल मात्र लिहिते. १७२२ मीटर, अरवलीचं सर्वांत उंच टोक, आणि तिथे दत्त. आमचं घर दत्ताचं. गरुडेश्वर, नारेश्वर, गिरनार हे आमचे लहानपणापासूनचे रस्ते. आईचे गुडघे दुखतात, तरी तिने पायऱ्या चढल्या, दर दहा पायऱ्यांवर थांबून, "दिगंबरा दिगंबरा" म्हणत. वर वारा असा की पदर आवरेना. गाभाऱ्यातून बाहेर येऊन ती दरीकडे तोंड करून बसली आणि अर्धा तास काही बोलली नाही. जवळच्याच उंचवट्यावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा आहे, १.२ मीटर व्यासाची दुर्बीण. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, म्हणून ती जागा निवडली. त्या आकाशाखाली आपण रात्री काय करतो, तर हॉटेलच्या गच्चीवर स्पीकर लावतो.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. तिसऱ्या रात्री साडेदहाच्या सुमारास मागच्या बाजूला डबे पडल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं. आमच्या हॉटेलने उतारावर टाकलेल्या कचऱ्यात एक अस्वल उभं होतं. काळं, झिपरं, छातीवर फिकट पट्टा. पंज्याने प्लॅस्टिकची पिशवी फाडून आतली पनीरची ग्रेव्ही चाटत होतं, पिशवीसकट. शेजारच्या खोलीतले लोक टॉर्च मारून व्हिडिओ काढत ओरडत होते. आबूचं जंगल हे अभयारण्य आहे, ते अस्वलाचं घर आहे. वाळवी, मध, करवंदं हे त्याचं अन्न. त्याला उष्ट्याची सवय लागली की ते वस्तीत येतं, कुणाला तरी जखमी करतं, आणि मग दोष त्याचाच. सकाळी मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, इथे सगळेच टाकतात." खरंच, फिरून पाहिलं तर उतारच्या उतार पांढरे झालेले, आणि त्यात आपल्याकडच्या चिवड्याची, खाखऱ्याची पाकिटं. २०११च्या जनगणनेत या गावाची वस्ती तेवीस हजारांच्या आत होती. एवढ्याशा गावाने आपल्या सगळ्यांची सुट्टी किती पेलायची?

म्हणून हात जोडून सांगते, जा, जरूर जा. दिवाळीची गर्दी टाळा. सकाळी लवकर उठून एखाद्या गावच्या वाटाड्याबरोबर जंगलात चाला, त्याला नीट पैसे द्या, एकटं आत शिरू नका. आमचा वाटाड्या तिथल्या गरासिया आदिवासी समाजातला होता. झुडपातून हिरवट पिवळ्या मुनियांचा थवा उठला तेव्हा त्याने माझ्या खांद्याला नुसतं बोट लावून थांबवलं. तो हिरवा मुनिया फार कमी ठिकाणी उरलाय आणि आबू त्यांतलं एक. मुलं असतील तर शिबिराची चौकशी करा. पाकिटं घरी परत आणा, आम्ही एक पिशवीभर आणली.

परतीला आबू रोड स्टेशनवर रबडी घेतली. लेकीच्या बोटांची टोकं सोलवटलेली, चमचा धरवेना. आईने कुल्हड आपल्या हातात घेतलं आणि तिला लहानपणासारखं भरवलं. ती खाता खाता आजीला दोराची आठाची गाठ कशी मारायची ते ओढणीच्या टोकावर दाखवत होती.