वाचनस्तर ठरवा, पण मुलाचं ऐकू नका

चाळीस मुलं, एक कोरा तक्ता, आणि तो शाळा सुटायच्या आत भरून द्यायचाय. घाबरू नका. वाचनस्तर ठरवायचा म्हणजे प्रत्येक मुलाचं वाचन नीट ऐकायचं, हा निव्वळ गैरसमज आहे.

आधी मोबाइलवरचं स्टॉपवॉच मुलाला दाखवा, उतारा नंतर. मिनिटाला बिनचूक शब्द किती, एवढंच मोजायचं. ही शर्यत आहे हे मूल लगेच ओळखतं आणि पूर्णविरामाला श्वाससुद्धा घेत नाही. घेऊ देऊच नका, आकडा घसरतो.

थोडं शास्त्रही तोंडपाठ असू द्या, बैठकीत छाप पडते. एमेट बेट्स या अमेरिकी अभ्यासकाने १९४६ साली पट्ट्या आखून दिल्या: शंभरात नव्व्याण्णव शब्द बरोबर आले तर मूल एकट्याने वाचू शकतं, पंचाण्णव आले तर शिक्षकाच्या मदतीने, आणि नव्वदच्या खाली गेलं तर मजकूर त्याला झेपत नाही. बेट्सने आकलनाचीही अट घातली होती, पण तक्त्यात तो रकाना नाही. सोडून द्या.

चुका मोजताना मन घट्ट करा. उताऱ्यात आहे, ‘घोडा ओढ्याकाठी थबकला.’ एका मुलीने वाचलं, ‘घोडा ओढ्याकाठी थांबला.’ गोष्ट तिला कळली, शब्द आपल्या घरचा घातला. करा फुली. पुढचा मुलगा ‘थ-ब-क-ला’ अगदी स्वच्छ वाचतो. मी त्याला सहज विचारलं, म्हणजे काय रे झालं? म्हणाला, “पाण्यात पडला.” पूर्ण गुण. आणि असले प्रश्न विचारायचे नसतात, ती माझी चूक.

न्यूझीलंडच्या वाचनतज्ज्ञ मेरी क्ले यांच्या नोंदपद्धतीत मुलाने अडखळून स्वतःच सुधारलेला शब्द चूक धरत नाहीत, त्याची वेगळी खूण करतात. कारण वाचता वाचता ‘हे काही जुळत नाही’ असं मुलाला वाटलं, मागे जाऊन त्याने पाहिलं, हीच तर वाचनाची खूण. हे सगळं खरं, पण चाळीस मुलांमागे एवढ्या खुणा करत कोण बसणार? अडखळलं की फुली.

उतारा मात्र पाठ्यपुस्तकातलाच निवडा, वर्गात वीस वेळा घोकून झालेला. मूल घडाघडा म्हणतं, फक्त ओळीवरचं बोट दोन शब्द मागे राहतं. तिकडे बघू नका. एकाने तर वाऱ्याने पान उलटलं, समोर नुसतं चित्र आलं, तरी त्याच सुरात धडा तडीस नेला होता. त्याचा स्तर मी ‘उत्तम’ लिहिलाय.

मग गट पाडा. कोणाला वाईट वाटू नये म्हणून गटांना पक्ष्यांची नावं द्या. मोर कोण आणि कावळे कोण, हे मुलांना मधल्या सुट्टीच्या आतच कळतं, पण तक्त्यावर छान दिसतं. वर्षअखेरीस तोच उतारा पुन्हा घ्या, प्रगती हमखास.

फुली मिळालेली ती मुलगी कदाचित अजून तुमच्या टेबलाशी रेंगाळत असेल. घोडा का थांबला, हे तिला हवंय. तिला सांगा, मिनिट संपलं.